डावी सीट

रिक्षातून माणसं उतरतात, फार तर गव्हाचं पोतं उतरतं. परवा दुपारी नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत रिक्षातून मारुती ८०० ची सीट उतरली, आणि तिच्यामागून आमचे चिरंजीव. वॉचमनकाकांनी सीटकडे पाहिलं, मग गेटाबाहेर डोकावून आले. बाकीची गाडी मागून येत असेल असं त्यांना वाटलं असावं.

"डाव्या बाजूची मिळाली," जिना चढताना मुलगा सांगत होता. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला त्याला घरात खऱ्या गाडीसारखं कॉकपिट बांधायचं होतं. वडाळा नाक्याकडे जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एका भल्या माणसाने त्याला गुरुमंत्र दिला होता : ड्रायव्हरची सीट कधी घेऊ नये. फोम बसलेला असतो, चढण्या-उतरण्याने कड फाटलेली असते. शेजारची घ्यावी. तिच्यावर बसून बसून कोण बसणार? बायको, तीही सणासुदीला. बाराशेला सौदा झाला.

म्हणजे आमच्या घरात गाडी डाव्या सीटवरून चालणार. मला हे फारच पटलं, कारण मी वर्षानुवर्षं तेच करत आले आहे. स्टिअरिंगवर नवरा असतो. पण द्वारकेच्या चौकात पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले की माझा उजवा पाय आपोआप खाली जातो. मॅट त्या जागी पार झिजली आहे. "लागला का ब्रेक?" असं नवरा दर वेळी विचारतो. लागला, म्हणून तर थांबलो आपण!

याचं मूळ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आहे. तिथे सरांच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच होता. मी उजवीकडे स्टिअरिंग घट्ट धरून घाम पुसायची आणि गंगापूर रोडवरून गाडी न्यायचे सर, तेही फोनवर कोणाच्या तरी लग्नाचं ठरवत. खरी सत्ता डावीकडे असते हे तेव्हाच मनात बसलं.

तर, कॉकपिट. मुलाने कुणाचं तरी वापरलेलं गेमिंग स्टिअरिंग पेडलसकट घेतलं आणि अभ्यासाच्या टेबलाला आवळलं. ते ९०० अंश फिरतं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच वळसे, आणि आत मोटर असल्यामुळे हाताशी झुंजतं. पडद्यावरची गाडी रस्त्याच्या कडेला घासली की इकडे टेबल थरथरायचं आणि पुस्तकं खाली. ते चाललं असतं. पण खुर्ची चाकांची. ब्रेक दाबला की गाडी थांबायची आणि मुलगा मागे जायचा, थेट कपाटापर्यंत. मग माझ्या जुन्या ओढणीने खुर्ची टेबलाला बांधली गेली. ओढणी फाटली.

तयार कॉकपिटची किंमत बघून नवऱ्याने न बोलता लॅपटॉप मिटला. मुलगा म्हणाला, सांगाड्याला ॲल्युमिनियम प्रोफाइल, म्हणजे खाचांचे तयार दांडे, आणू. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सातपूरच्या एका कारखान्यातून टूलरूममधून रिटायर झालेले. ते म्हणाले, "प्रोफाइल कशाला? माळ्यावर स्लॉटेड अँगल पडलाय की." स्लॉटेड अँगल म्हणजे रॅकला असतात त्या भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या. त्या पडलेल्या नव्हत्या, गणपतीच्या मखराच्या होत्या. पण अण्णांनी पान्यांची पिशवी काढली की या घरात दुसऱ्या कोणाचं चालत नाही.

हॉलमध्ये पेपर अंथरले गेले. स्लॉटेड अँगल सरळ उभा ताकदवान, पण पिळला की डुलतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला त्रिकोणी पट्टी, आणि प्रत्येक कोपऱ्याला गुण्या. मुलगा नट आवळायचा, अण्णा नुसतं बोट टेकवून म्हणायचे, "अजून अर्धा आटा." स्प्रिंग वॉशर राहिला तर अख्खा जोड पुन्हा उघडायचा. "आबा, ही खरी गाडी नाहीये," मुलगा कुरकुरला. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "नट खरा आहे ना?"

पेडलखाली १९ एमएमची प्लाय टाकली तरी मुलाचं समाधान होईना. त्याचं म्हणणं, स्वस्तातलं पेडल पाय किती खाली गेला तेवढंच मोजतं. खऱ्या गाडीचा ब्रेक जरासा जातो आणि अडतो, तिथून पुढे सगळा मामला जोराचा, आणि पायाच्या लक्षात जोर राहतो, अंतर नाही. म्हणून ब्रेकला लोडसेल हवा. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच धातूचा तुकडा. भार आला की डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो. त्याच आठवड्यात आमच्या बेडरूममधला वजनकाटा नाहीसा झाला. मी शोधला नाही.

पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. माझा डाव्या सीटवरचा ब्रेक तसूभरही खाली जात नाही, नुसता जोर घेतो. लोडसेलचं तत्त्व हेच. फक्त वायर जोडायची राहिली आहे.

पहिली फेरी अण्णांना दाखवायची म्हणून मुलाने जर्मनीतला नूरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक लावला. १९२७ सालचा, डोंगरातला, एक फेरी जवळजवळ २१ किलोमीटरची. "म्हणजे इथून ओझर," अण्णांनी हिशेब केला. २०१८ मध्ये एका पोर्शेने हे अंतर ५ मिनिटं २० सेकंदांच्या आत कापलं, हे ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, "मधे आडगाव नसेल."

मग मला बसवलं. सीट अजून जुन्या मारुतीचा वास मारते : रेक्झिन, थोडं पेट्रोल आणि कुणाच्या तरी घरची अगरबत्ती. आणि मी एकदम पंचवटीतल्या आमच्या वाड्यात गेले. मे महिन्यात ओसरीवर पाटांची रांग लावून आम्ही एसटी करायचो. स्टिअरिंग म्हणजे पिठाची चाळण, गियर म्हणजे दोन पाटांच्या फटीत खोचलेलं लाटणं, बेल देवघरातली. गाडी नेहमी वणीच्या देवीच्या गडावर. ड्रायव्हर मोठा दादा, कंडक्टर धाकटा. मला एकच भूमिका होती : नांदुरीच्या पुढे घाट लागला की उलटी होणारी बाई. मी ती इतकी जीव ओतून करायची की एकदा आजी खरंच लिंबू घेऊन धावत आली. चाळण मात्र माझ्या हाती कधी आली नाही. मागितली की दादा म्हणायचा, "बायका एसटी चालवतात का?" आता चालवतात. दादाला एकदा कळवायला हवं.

असो. मी ताशी चाळीसने निघाले. मागून गाड्या सूं सूं करत जायला लागल्या. अण्णा शेजारी स्टुलावर. पहिलं आंधळं वळण आलं तसे ओरडले, "हॉर्न दे!" मुलाने सगळी बटणं लावली होती, पण हॉर्न? शर्यतीत हॉर्न कशाला, म्हणे. अण्णा इतके अस्वस्थ झाले की दुसऱ्या दिवशी स्कूटरचा जुना हॉर्न शोधायला त्यांनी कपाट उपसलं.

आता भाद्रपद जवळ आलाय. अँगल सुटा करायचा तर अण्णांचे सगळे नट उघडायचे, आणि ते अर्धा आटा जास्तच आवळलेले आहेत. थर्माकोलवर तर २०१८ पासून बंदी आहे. मुलगा म्हणतो, सीट तेवढी काढू, सांगाडा राहू दे, त्यालाच कापड लावू. नवरा म्हणतो, मग बाप्पाच्या हाताशी स्टिअरिंग येईल. अण्णांनी अजून मत दिलेलं नाही. बघू.