ठरलेल्या वेळी ईमेल पाठवणारा प्रोग्रॅम लिहिताना

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारपदाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा प्रत्येक सभासदाला दर महिन्याचे देखभाल बिल ईमेलने पाठवणे, मुदत संपण्याआधी त्याची आठवण करणे आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना वेळेत धाडणे ही कामेही तिच्याबरोबर आली. सभेच्या सूचनेसाठी उपविधींनुसार पूर्ण १४ दिवसांची मुदत द्यावी लागते, त्यामुळे ती आज जाते की उद्या, याला महत्त्व असते. ईमेल ठरावीक वेळी पाठवण्याची सोय जीमेलमध्ये एप्रिल २०१९ पासून आहे; पण प्रत्येकाचे बिल वेगळे आणि थकबाकीचा आकडाही वेगळा, त्यामुळे एकेक ईमेल हाताने तयार करण्याचे कष्ट त्या सोयीने वाचत नाहीत. म्हणून संस्थेच्या विंडोज लॅपटॉपवर चालेल असा छोटा प्रोग्रॅम लिहायचे मी ठरवले.

भाषा पायथॉन निवडली, कारण ईमेल पाठवणे, एसक्यूलाइटचा डेटाबेस (एकाच फाइलमध्ये मावणारा माहितीसाठा) हाताळणे आणि खिडकी व बटणे दाखवणे या तिन्ही गोष्टींच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, पायथॉनसोबतच मिळतात. आमच्या व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते. माझ्यानंतर येणाऱ्या खजिनदाराला हा प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर बसवावा लागला, तर बाहेरून आणाव्या लागणाऱ्या गोष्टी जितक्या कमी तितके बरे, असा माझा विचार होता. त्याला मी एकच अपवाद केला. पासवर्ड कोडमध्ये किंवा साध्या फाइलमध्ये न ठेवता विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्डच्या सुरक्षित कप्प्यात, ठेवण्यासाठी ‘कीरिंग’ ही लायब्ररी घेतली.

प्रत्यक्ष ईमेल पाठवण्याचा भाग लवकर झाला. केवळ नाव आणि नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला खाते वापरू देणे गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद केले आहे. त्यामुळे खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून फक्त या प्रोग्रॅमसाठीचा स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागला. जीमेलच्या सर्व्हरशी जोडणीसाठी ५८७ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे ठरावीक दार) आणि त्यावर सुरू होणारे एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याची सोय, वापरले. मराठी विषयओळ आणि मराठी नावाची पीडीएफ फाइल यांची मला काळजी होती, पण पायथॉनचा ईमेल रचणारा ‘ईमेलमेसेज’ हा तयार भाग देवनागरी अक्षरांचे आवश्यक रूपांतर स्वतःच करतो.

वेळापत्रकाचा विचार करताना प्रश्न खोल होत गेला. प्रोग्रॅम सतत चालू ठेवून त्याला घड्याळाकडे पाहत बसवणे ही पहिली सुचणारी रचना. पण संस्थेचा लॅपटॉप कार्यालय बंद झाले की बंद होतो आणि खिडकी तर कोणीही बंद करू शकतो. म्हणून मी प्रोग्रॅमचे दोन भाग केले. खिडकीचा भाग ईमेल तयार करून वेळेसह डेटाबेसमध्ये लिहितो. दुसऱ्या भागाला खिडकीच नाही. विंडोजचा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणारी सोय, त्याला दर १५ मिनिटांनी सुरू करतो आणि काम उरकले की तो थांबतो. हा भाग ‘आत्ताची वेळ असलेले’ ईमेल शोधत नाही, तर ‘वेळ होऊन गेलेले पण अजून न गेलेले’ ईमेल शोधतो. एवढ्या बदलाने लॅपटॉप सकाळी बंद होता म्हणून ईमेल कायमचे राहून गेले, हा प्रकार उद्भवत नाही. मात्र उशिरा गेलेली सभेची आठवण सभा संपल्यावर पोहोचली, तर तिचा उपयोग काय? त्यासाठी प्रत्येक ईमेलला ‘यानंतर पाठवू नये’ अशी दुसरी वेळही द्यावी लागते.

टास्क शेड्युलर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर काम सुरू करायचे नाही, अशी खूण त्यात मुळातच केलेली असते. ती काढावी लागते. तसेच प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमधून सुरू करायचा हे लिहिण्याची ‘स्टार्ट इन’ ही जागा रिकामी राहिली, तर प्रोग्रॅम आपल्या फोल्डरऐवजी विंडोजच्या फोल्डरमधून सुरू होतो आणि त्याला डेटाबेसची फाइल सापडत नाही. मी डेटाबेसचा पूर्ण पत्ताच कोडमध्ये लिहिला.

या कामाचा खरा गाभा मात्र ईमेल गेला की नाही, हे ओळखण्यात आहे. मजकूर संपल्याची खूण मिळाल्यावर सर्व्हर २५० हा क्रमांक उत्तर म्हणून पाठवतो, आणि तेथून त्या ईमेलची जबाबदारी त्याची होते. पण मजकूर पोहोचल्यावर आणि उत्तर येण्याआधी इंटरनेट तुटले तर? सर्व्हरच्या दृष्टीने ईमेल गेला, आपल्या दृष्टीने गेला नाही. आपण पुन्हा पाठवला की सभासदाला तेच बिल दोनदा मिळते. ही अडचण जुनी आहे. ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडले आणि दुबार जाणाऱ्या ईमेलवर १९८८ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांची मालिका) १०४७ हे स्वतंत्र टिपण निघाले. पाठवणाऱ्या बाजूने कितीही चांगला कोड लिहिला, तरी ही फट पूर्ण बुजत नाही, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायची सोय करावी लागते.

मी प्रत्येक ईमेलला ‘बाकी’, ‘पाठवत आहे’ आणि ‘पाठवला’ अशा अवस्था दिल्या. सर्व्हरला मजकूर देण्याआधी ‘पाठवत आहे’ ही नोंद डेटाबेसमध्ये पक्की होते आणि २५० आल्यावरच ‘पाठवला’ अशी होते. मधेच वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर तो ईमेल ‘पाठवत आहे’ वर अडकून राहतो. पुढच्या फेरीत प्रोग्रॅम त्याला हात लावत नाही, फक्त खिडकीत लाल रंगात दाखवतो. मग मी जीमेलच्या पाठवलेल्या ईमेलांमध्ये तो शोधते आणि निर्णय घेते. सोपे जावे म्हणून प्रत्येक ईमेलचा मेसेज-आयडी, म्हणजे त्याची एकमेव ओळखखूण, प्रोग्रॅम स्वतः तयार करून जपून ठेवतो. जीमेलमध्ये त्यावरून थेट शोध घेता येतो. हा निर्णय यंत्रावर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. सभेची सूचना दोनदा गेली तरी चालते, पण थकबाकीची आठवण एकाच दिवशी दोनदा आली तर ज्येष्ठ सभासदांना ते मनाला लागते.

सर्व्हरने स्पष्ट नकार दिला, तर काम सोपे असते. चारने सुरू होणारा क्रमांक म्हणजे अडचण तात्पुरती, तेव्हा काही वेळाने पुन्हा प्रयत्न होतो. पाचने सुरू होणारा म्हणजे नकार कायमचा, तेव्हा तो ईमेल बाजूला निघतो. त्यातही ५३५ आला की पासवर्डच चालत नाही असे समजून सगळी रांग थांबते. २५० मिळाले म्हणजे सभासदाच्या खात्यात ईमेल पोहोचलाच, असेही नव्हे. पत्ता बंद पडला असेल, तर ते कळवणारा ईमेल नंतर परत येतो आणि तो सध्या मलाच वाचावा लागतो.

बिल भलत्याच सभासदाला जाणे हे मला सर्वांत गंभीर वाटते, कारण त्यातून एकाची थकबाकी दुसऱ्याला कळते. म्हणून प्रत्येक ईमेलवर एकच पत्ता असतो, पीडीएफच्या नावातील सदनिका क्रमांक सभासदांच्या यादीशी जुळला नाही तर तो ईमेल रांगेतच जात नाही, आणि ‘सराव’ ही खूण केली की सगळे ईमेल फक्त माझ्याच पत्त्यावर येतात. दर महिन्याची बिले मी आधी सरावात पाठवून सचिवांसोबत काही उघडून पाहते आणि मगच ती खूण काढते. परत आलेले ईमेल प्रोग्रॅमने स्वतः वाचून त्या सभासदाच्या नावापुढे नोंद करावी, हा भाग आता लिहायला घेतला आहे. तोवर ज्यांचा पत्ता बंद आढळतो, त्यांच्या घरी बिलाची छापील प्रत आमचे व्यवस्थापक नेऊन देतात.