आजोबांच्या कॅसेटमधली आजी

शनिवार, रात्र

सहा वर्षांपूर्वी आजोबांच्या कॅसेटची एमपीथ्री प्रत एका व्यावसायिकाकडून करून घेतली आणि मूळ कॅसेट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. ती टाकून दिली नाही याचे श्रेय शहाणपणापेक्षा आळसाला अधिक आहे, आणि आज त्या आळसाचे उपकार मानावेसे वाटत आहेत.

कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. १९८४ साली आजोबांना समोर बसवून बाबांनी त्यांच्या लहानपणीच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मिळालेली प्रत ५१ मिनिटांची भरत होती आणि उरलेली फीत कोरी असणार असे मी इतकी वर्षे गृहीत धरले होते. गेल्या आठवड्यात आई सहज म्हणाली, "अगं, त्यात आजीसुद्धा बोलल्या आहेत." मी तिला ठामपणे सांगितले की ती प्रत मी निदान दहा वेळा ऐकली आहे आणि त्यात आजी कुठेही नाही. त्यावर "मी तिथे होते," एवढेच म्हणून ती उठून गेली.

कॅसेट खाली काढली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे, मागच्या कडेचे दोन्ही खुंट बाबांनी तोडून ठेवले होते, जेणेकरून तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जाऊ नये. दुसरी म्हणजे, मधल्या पातळ पट्टीवरचा फेल्टचा इवलासा तुकडा गळून आतच पडला होता. हा तुकडा फितीला हेडवर, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याचा गोंद वर्षांनुवर्षांनी सुकतो, तुकडा निसटतो आणि मग आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा दबका येतो. पाच स्क्रू काढून फितीच्या दोन्ही चकत्या मी एका चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवल्या. ती फीत चार मिलिमीटरही रुंद नाही, आणि माझे हात त्या अर्ध्या तासात जितके थरथरले तितके कोणत्याही परीक्षेत थरथरले नव्हते. मग फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळली, म्हणजे इतक्या वर्षांत एकमेकांना चिकटून बसलेले वेढे सुटे होतात.

त्यानंतर हेडचा कोन. ज्या टेपरेकॉर्डरवर मूळ ध्वनिमुद्रण झाले त्याचे हेड ज्या कोनात होते, त्याच कोनात ऐकणाऱ्या यंत्राचे हेड असावे लागते, नाहीतर वरच्या पट्टीतले आवाज बोथट होतात. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचे, पुन्हा फिरवायचे. आजोबांच्या बोलण्यातला 'स' धारदार ऐकू येऊ लागला तिथे मी थांबले. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट बाजारात आणली ती मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी, पत्रांचे मजकूर सांगण्यासाठी. गाणी तिच्यात नंतर आली. आमच्या घरी ती मूळच्याच कामाला लागली होती म्हणायची.

फीत सुरुवातीला नेली. खट्ट असा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग आजी: "लाल दिवा लागला का? अहो, आधी पाणी प्या, मग बोला. घसा धरतो तुमचा." भांडे ठेवल्याचा आवाज येतो, आजोबा खाकरतात आणि तिथून पुढे सगळे मला पाठ असलेले सुरू होते. हे चौदा सेकंद माझ्या प्रतीत नव्हते. दुसऱ्या बाजूच्या शेवटचे मी अजून ऐकलेले नाही.

आजीचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेही नाही.

प्रत आणि मूळ फीत शेजारी शेजारी लावून ऐकल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आजोबा बोलत असताना आजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून अधूनमधून "हो" म्हणते, एकदा तर "ते नंतरचं, तेव्हाचं नव्हे," अशी दुरुस्तीही करते. प्रतीत त्या जागी नुसती गुळगुळीत शांतता आहे. खरखर घालवणारे सॉफ्टवेअर कोणी न बोलण्याच्या क्षणाचा नमुना घेते, त्यातल्या प्रत्येक पट्टीतली खरखर किती मोठी आहे ते मोजते आणि जे काही त्या पातळीच्या आसपास येईल ते सर्वत्र दाबून टाकते. लांबून आलेला हळू आवाज नेमका त्या पातळीला असतो, त्यामुळे खरखरीबरोबर आजीही गेली. त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात दोन शब्द सुनावले, आणि मग आठवले की कॅसेट देताना "जरा स्वच्छ करून द्या" असे मीच म्हटले होते. काम सांगितल्याप्रमाणे झाले होते.

रविवार

कॅसेटची पहिली बाजू सकाळी पुन्हा उतरवून घेतली, या वेळी ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर, वेव्ह स्वरूपात (यात एमपीथ्रीसारखा आवाजाचा तपशील गाळला जात नाही), कुठेही कापाकापी न करता. तासाभराच्या आवाजाला जेमतेम एक जीबी जागा लागते. ही जागा वाचवण्यासाठी माणसे एमपीथ्री का करतात ते आता समजेनासे झाले आहे.

मग धास्तीने फोटोंकडे वळले. अल्बम मी स्वतः, घरीच स्कॅन केले होते आणि त्याचा मला अभिमान होता. पांढऱ्या कडा कापल्या होत्या, रंग एका बटणाने 'सुधारले' होते, पाठीमागच्या बाजू घेतल्याच नव्हत्या. ज्या फोटोंच्या कडेवर महिना आणि साल छापलेले होते, त्यांची तारीख मी कडेबरोबर कापून टाकली होती, आणि संगणक आता त्या सगळ्यांची तारीख मी स्कॅन केले तो दिवस दाखवतो. पणजोबांचे कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांचे असल्यामुळे अजून खणखणीत आहे, आणि आमचे बालपण मात्र लालसर पडत चालले आहे, कारण जुन्या रंगीत कागदातला निळसर रंग अंधारातही आधी विरतो. त्या बटणाने आत्याचा हिरवा फ्रॉक निळा करून ठेवला होता. आईने तो पाहून विचारले, "हा कोणाचा?"

एका फोटोपाशी मात्र खूप वेळ बसले. १९७९च्या आसपासचा असावा. आई आणि आत्या अंगणात उभ्या आहेत. माझ्या स्कॅनमध्ये दोघी चौकटीत नीट मधोमध आहेत. मूळ फोटोत त्यांच्या पायांपुढे बरीच रिकामी जमीन आहे, आणि त्या जमिनीवर, अगदी खालच्या कडेपासून, दोन्ही कोपरे बाहेर काढून डोळ्यांशी कॅमेरा धरलेल्या माणसाची लांब सावली पडली आहे. त्या काळी सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा असे सगळ्यांना शिकवलेले असे. सबंध अल्बमभर बाबा जवळजवळ कुठेच नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात असे. आणि जिथे ते होते तिथून रचना सुधारण्याच्या नादात मी त्यांना बाहेर काढले होते.

तो फोटो आज ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), कडेसकट, पुढून आणि मागून स्कॅन केला. चार बाय सहा इंचांच्या फोटोची टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. रंग होते तसेच ठेवले. सुधारायचे असतील तर प्रतीवर सुधारता येतात. मागे बाबांच्या अक्षरात फक्त "दोघी" असे लिहिले आहे.

संध्याकाळी आईला तो फोटो दिला आणि फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण चालू केले. फोटोत कोण आहे हे विचारून फार काही निघत नाही, असा माझा अनुभव आहे. "फोटो कोणी काढला आणि तो काढायच्या आधी काय चालले होते" असे विचारले की माणूस बोलू लागतो. ती पंचवीस मिनिटे बोलली. मध्येच दाराची घंटा वाजली, मी उठून गेले, ती एकटीच फोटोकडे पाहून काहीतरी पुटपुटली. तेही ठेवले आहे.

सगळ्याच्या तीन प्रती करायच्या ठरवल्या: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक भावाच्या घरी, कारण दोन प्रती एकाच कपाटात असतील तर पाण्याच्या किंवा आगीच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे. लग्नाची व्हिडिओ कॅसेट अजून राहिली आहे, आणि तिला उशीर करून चालणार नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ सालीच उत्पादन थांबवले आहे आणि आमचे यंत्र फीत अधूनमधून गिळते. जुनी 'स्वच्छ' एमपीथ्रीही ठेवली आहे. मुलांना आजोबा ऐकवायचे झाले तर तीच सोयीची पडते.

कॅसेटच्या लेबलावर बाबांनी आजोबांचे नाव लिहिले आहे. त्याला मी हात लावला नाही. फाइलच्या नावात मात्र दोघांचीही नावे घातली. दुसरी बाजू उद्या.