पॅटनचा तो अल्बम मी का ऐकते

"बाई गं, हे तू खरंच आवडीने ऐकतेस?"

'फेथ नो मोअर' या अमेरिकन रॉक बँडचा गायक माइक पॅटन, त्याचा 'अ‍ॅडल्ट थीम्स फॉर व्हॉइस' हा अल्बम लावला की कुणी ना कुणी हे विचारतंच. मी ज्या मेटल बँडमध्ये गायचे त्या बँडमधल्यांनी विचारलं, मामेभावाने विचारलं, आणि 'फेथ नो मोअर'चे टी-शर्ट घालून हिंडणाऱ्यांनी तर सगळ्यात जास्त नाक मुरडून विचारलं. तर घ्या, सांगते.

आवडीने? नाही. चौतीसच्या चौतीस ट्रॅक एका बैठकीत ऐकणं माझ्याही जिवावर येतं. काही मी सरळ पुढे ढकलते. पण 'हॉटेलात कंटाळलेला माणूस माइकसमोर खोकला आणि त्याचा अल्बम निघाला' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हॉटेलची खोली खरीच आहे. 1995च्या टूरवर असताना त्याने तिथेच फोर-ट्रॅकवर, म्हणजे छोट्या टेप रेकॉर्डरवर, हे सगळं रेकॉर्ड केलं आणि 1996मध्ये संगीतकार जॉन झॉर्नच्या त्झाडिक लेबलने ते काढलं. वाद्यं नाहीत, नुसता आवाज. पण म्हणून कंटाळा?

कॉलेजात मी हाच अल्बम लोकांच्या तोंडावर फेकायचे. 'तुम्हाला झेपणार नाही' हे माझं ठरलेलं वाक्य. कॉलेजातल्या त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, माझं आजही पटत नाही, कारण तिला त्यातलं ऐकू काहीच येत नव्हतं. तरी ती अगदीच चूक होती असंही म्हणवत नाही. बऱ्याच जणांना खरंच झेपत नाही.

मला तो ऐकू आला तो घसा गेल्यावर.

प्रॅक्टिसला ग्रोल, म्हणजे मेटलमधलं ते घशातून गुरगुरत गाणं, करताना आवाज मध्येच तुटायला लागला. गिगच्या दुसऱ्या दिवशी 'चहा दे' म्हणायलाही घशातून नुसती हवा निघायची. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि स्क्रीनकडे बघायला सांगितलं. स्वतःचे स्वरतंतू मी पहिल्यांदाच बघत होते. पांढरट, ओले, आणि दोन्हींच्या काठावर अगदी समोरासमोर एकेक गाठ. "शिक्षिका आहात का?" मी नकारार्थी मान हलवली. गाते, म्हटलं. "काय गाता?" आता ग्रोल म्हणजे काय ते सांगावं कसं? करून दाखवायची तर सोयच उरली नव्हती. ते म्हणाले, बोलणं बंद. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण पडतो.

घरी मी चिठ्ठ्यांवर बोलायला लागले. मुकी मी झाले होते, पण आई माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलायची. मेटल ऐकवत नव्हतं. दुसऱ्याचा ग्रोल कानावर पडला की माझा घसा आपोआप आवळायचा. मग एका रात्री हेडफोन लावून हा अल्बम काढला. खरं तर स्वतःवरच चिडून.

काय ऐकू आलं? ओठ सुटतानाची चिकट टिचकी. किंचाळीच्या आधी आत ओढलेला श्वास. गालात अडकलेली हवा, थुंकी, नाकातला घरघराट. बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं ड्रम आणि गिटारखाली जातं, उरलंसुरलं मिक्स करणारा कापून टाकतो. इथे तोच कचरा पुढ्यात ठेवलाय. मी इतकी वर्षं घशाला एकाच कामाला जुंपलं होतं, आणि हा माणूस अख्ख्या तोंडाने गात होता.

पुढे थेरपीला गेले तर पहिला व्यायाम कुठला? ओठ फुरफुरवायचे! मला तिथेच हसू फुटलं. बाईंना वाटलं, मी टिंगल करतेय.

"म्हणजे आपला तराणाच की," असं कुणीतरी हटकून म्हणतं. नाही हो. तराण्याला ताल असतो, सम असते, कितीही भटकलात तरी परतायची जागा पक्की. इथे तसं काहीच नाही. काही ट्रॅक तर मध्येच तुटतात. टेप संपली असावी, अशी माझी शंका आहे. आणि हीच रेकॉर्डिंग्ज कुणा अनोळखी पोराने पाठवली असती तर ती निघाली असती का? 'फेथ नो मोअर'चं 'एपिक' हे गाणं गाजलं नसतं तर? हा मुद्दा मला खोडता येत नाही. आइसलँडची गायिका ब्यॉर्कने 2004च्या 'मेडुला'वर, म्हणजे जवळजवळ नुसत्या आवाजांवर उभ्या असलेल्या अल्बमवर, त्याला बोलावलं, हा दाखला मीही पूर्वी द्यायचे. त्यातून पॅटन मोठा ठरतो, हा अल्बम नाही. 1997चा त्याचा पुढचा अल्बम, फ्युचरिस्ट कलाचळवळीतला इटालियन कवी मारिनेत्ती याच्या पाककृतींवरचा, त्यात वाद्यं आहेत आणि चांगले वादकही आहेत. मला तो तितकासा भिडत नाही. कदाचित मी तो धडधाकट घशाने ऐकला म्हणून असेल.

आता तुम्ही विचाराल, मग आवाज परत आल्यावर बँडमध्ये का नाही गेलीस? ते प्रकरण वेगळं आहे. त्यात पॅटनचा काही हात नाही. बँडमधल्यांना मात्र तसंच वाटतं, आणि मी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलंय.