तुम्ही विचारलंत म्हणून: कादंबरी आहे, सिनेमा आहे, मग सिनेमा कसा बनवला याचं पुस्तक, हे तिसरं कशाला?

गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायला आलेल्या दादांनी कपाट रिकामं करताना विचारलं, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत एकेक जाडजूड पुस्तक होतं. "मॅडम, हे सगळे एकाच पिक्चरचे आहेत का जी? गोष्टीचं पुस्तक तर वेगळं दिसून राहिलं." नणंद हेच विचारते. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी यातलं एखादं पुस्तक नेलं की मुलंही विचारतात. कादंबरी वाचली, सिनेमा पाहिला, मग तो कसा बनवला याची पुस्तकं कशाला साठवायची? दारात उभ्याउभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातलं. चितार ओळ, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, घरापासून चालत पाच मिनिटांवर. पोळा जवळ आला की शाळेतून येताना मी तिथे रेंगाळायची. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळलेली तणस, मग माती, मग रंग, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. मंडपातला गणपती मला आवडायचाच, पण तणशीचा गणपती ज्याने पाहिलाय त्याला मंडपातल्या गणपतीत जास्त काहीतरी दिसतं, असं मला तेव्हाही वाटायचं. एकदा एक म्हातारे कारागीर मूर्तीची पाठ रंगवत होते. बारीक ब्रशने, जानव्याचा दोरासुद्धा नीट काढत. मी म्हटलं, काका, हा तर भिंतीला टेकून बसणार. ते म्हणाले, "शिरवायला (विसर्जनाला) नेतात तवा मागून चालणाऱ्याले पाठच दिसते ना, बेटा."

पुढे कितीतरी वर्षांनी बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ब्रायन सिबलींचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द मेकिंग ऑफ द मूव्ही ट्रिलॉजी' मिळालं. २००२ सालचं, कव्हर फाटलेलं. पाठोपाठ ख्रिस स्मिथ यांचं शस्त्रं आणि युद्धांवरचं पुस्तक आलं, गॅरी रसेल यांची रेखाचित्रांची पुस्तकं आली. टोल्किनची याच नावाची मूळ कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली, तीही मी वाचली होती. पण ही पुस्तकं चाळताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती अजून डोक्यातून गेलेली नाही. मी कादंबरी डोळ्यांनी वाचली होती. या माणसांनी ती हातांनी वाचली होती.

म्हणजे काय ते सांगते. हॉबिट हे लोक दोन ते चार फूट उंचीचे असतात, असं टोल्किन सुरुवातीलाच लिहितात. वाचक म्हणून मी ते वाक्य एका दमात ओलांडलं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या मिरामार भागातल्या वेटा वर्कशॉपला (सिनेमाची शस्त्रं-चिलखतं घडवणाऱ्या कारखान्याला) आणि कलाविभागाला ते ओलांडता येईना. चार फुटांचा माणूस साडेपाच फुटांच्या नटाने करायचा आणि शेजारी उंच जादूगार गॅन्डाल्फ बसवायचा, तर घर केवढं बांधायचं? त्यांनी हॉबिटचं घर दोन मापांत बांधलं. एकात हॉबिट झालेला नट बेताचा दिसतो, दुसऱ्यात गॅन्डाल्फचं डोकं तुळईला लागतं. मग तीच खुर्ची, तोच पेला, तेच पुस्तक, सगळं दोनदा, दोन मापांत, आणि लाकडाच्या रेषाही जुळल्या पाहिजेत. काही दृश्यांत एक नट कॅमेऱ्याच्या जवळ आणि दुसरा लांब बसवला, दोघं मात्र एकाच गाडीवर खांद्याला खांदा लावून बसल्यासारखे दिसतात. एवढा सगळा उद्योग लेखकाच्या एका वाक्यातून निघाला. माझ्या वर्गात यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवताना मी आता फळ्यावर रेल्वेचे रूळ काढत नाही, त्या गाडीचं चित्र दाखवते. मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग आपसात उंच-बुटके उभे राहून करून पाहतात.

तीन सिनेमांचं चित्रीकरण एकत्रच झालं. ११ ऑक्टोबर १९९९ ला सुरू झालं ते २२ डिसेंबर २००० ला संपलं, २७४ दिवस. हॉबिटांचं गाव माटामाटाजवळच्या एका मेंढ्यांच्या शेतावर उभं केलं, आणि तिथल्या बागा चित्रीकरणाच्या वर्षभर आधी लावल्या, कारण नुकती लावलेली बाग नुकती लावलेलीच दिसते. कड्यांच्या चिलखतांसाठी प्लास्टिकच्या पाइपचे काप करून सुमारे १ कोटी २५ लाख कड्या हाताने एकमेकींत गुंफल्या. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कोणीतरी सकाळी डबा घेऊन कामावर जातंय आणि संध्याकाळपर्यंत कड्या गुंफतंय, दुसऱ्या दिवशीही तेच, महिनोन्‌महिने. पडद्यावर ते चिलखत अंधारात, पावसात, पळत्या माणसाच्या अंगावर दिसणार.

त्यातलं मला सगळ्यांत प्रिय प्रकरण राजा थिओडनच्या चिलखताचं आहे. त्याच्या छातीवरच्या कवचाला आतून चामड्याचं अस्तर होतं आणि त्या अस्तरावर नक्षी उठवलेली होती. आतून. कॅमेरा तिथे जाणार नव्हता. हे कवच घालणारे बर्नार्ड हिल पुढे सांगत की त्या नक्षीने आपल्याला राजा व्हायला मदत केली. वाचताना मला चितार ओळीतले काका आठवले. त्यांच्या मूर्तीची पाठ निदान मागून चालणाऱ्यांना तरी दिसायची. इथे तर घालणारा आणि घडवणारा, दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तक नसतं तर मलाही कळलं नसतं.

शाळेत मात्र मुलांना आवडते ती दुसरीच गोष्ट. दुसऱ्या भागात किल्ल्यावर चालून येणाऱ्या दहा हजारांच्या सैन्याची आरोळी हवी होती. दिग्दर्शक पीटर जॅक्सन सरळ वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये गेले. तिथे न्यूझीलंड आणि इंग्लंडचा एकदिवसीय सामना चालू होता. मधल्या वेळेत ते मैदानात उभे राहिले, मोठ्या पडद्यावर त्या राक्षसी भाषेतले शब्द दाखवले आणि २५ हजार प्रेक्षकांकडून ते ओरडून घेतले, छाती बडवून घेतली, पाय आपटून घेतले. जामठ्याला मॅच पाहून आलेल्या आमच्या मुलांना ते लगेच समजतं.

आता बदलांबद्दल, कारण "सिनेमात पुस्तकाची वाट लावतात" हे मलाही ऐकवलं जातं. गोष्ट आहे ती हातात येईल त्याला मोहात पाडणाऱ्या एका अंगठीची; ती हॉबिट फ्रोडोकडे असते. कादंबरीतला फॅरामिर नावाचा सरदार अंगठीचा मोह सहज बाजूला सारतो. सिनेमात तो मोहात पडतो आणि फ्रोडोला ओढत नेतो. मला याचा खूप राग आला होता. पटकथालेखकांचं म्हणणं असं की दोन-अडीच तास आपण प्रेक्षकांना ही अंगठी कोणालाही सोडत नाही असं सांगत आलो, आणि आता एक माणूस ती सहज नाकारतो म्हटलं तर अंगठीची भीतीच संपते. हे वाचून माझा राग गेला, मत बदललं नाही. फॅरामिरसारखी माणसं असतात आणि ती दाखवायला हवी होती, असं मला आजही वाटतं. पण आता मला माहीत आहे की मी कोणत्या युक्तिवादाशी भांडते आहे.

हॅरी पॉटरच्या बाबतीत तर पेच आणखी अवघड होता. पहिला सिनेमा २००१ ला आला आणि शेवटचं पुस्तक २००७ ला. गोष्ट संपायच्या आधीच तिच्यातलं काय कापायचं हे ठरवायचं! पाचव्या सिनेमाच्या एका मसुद्यातून क्रीचर हे पात्र गळलं होतं. लेखिका रोलिंग यांनी त्याला ठेवायला सांगितलं, कारण पुढे त्याची गरज पडणार होती आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

या पुस्तकांचा एक दोष मात्र मला खटकतो. ती सिनेमावाल्यांच्या परवानगीने निघतात, त्यामुळे त्यांत सगळे एकमेकांवर खूश असतात. टोल्किनचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांना हे सिनेमे मुळीच आवडले नव्हते. वडिलांच्या पुस्तकाचा कोथळा काढून तरुण पोरांसाठी मारधाडीचा सिनेमा केला, अशा अर्थाचं ते २०१२ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राशी बोलले होते. असा आवाज त्या गुळगुळीत कागदावर यायला हवा. त्याने कड्या गुंफणाऱ्यांचं काम कमी होत नाही.

आणि हे वेड परदेशी आहे, असंही समजू नका. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्येच सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा चित्रपट केला होता. त्याचे उरलेले तुकडे मी पाहिले आहेत, त्यांत दादासाहेब स्वतः काम करताना दिसतात. त्याच सुमाराला 'नवयुग' मासिकात त्यांनी आपल्या धडपडीवर लेखही लिहिले. म्हणजे वाट आपल्याकडे होती. पण माझ्या कपाटात मराठी पुस्तकावरून झालेल्या मराठी सिनेमाचं असं एकही पुस्तक नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त ४२ रात्री आहेत. १९५३ च्या सिनेमासाठी आचार्य अत्र्यांनी त्यातल्या कोणत्या घेतल्या, कोणत्या सोडताना हात अडखळला, वनमालाबाईंची लुगडी कोणी निवडली, छोट्या माधव वझ्यांना पोहण्याच्या प्रसंगासाठी कसं तयार केलं? दीडशे पानांचं, चित्रांचं, असं एक पुस्तक कोणी काढलं तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी एडोरासचा, म्हणजे थिओडनच्या राजधानीचा, सुवर्णमहाल माउंट संडे नावाच्या टेकडीवर महिनोन्‌महिने खपून बांधला आणि काम झाल्यावर अख्खा उतरवून टेकडी होती तशी केली. आमच्याकडे हे दरवर्षी होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, यांची मिरवणूक निघते, "घेऊन जा गे मारबत" म्हणत शहर मागे लोटतं, आणि संध्याकाळपर्यंत तिची राख झालेली असते. काळी १८८१ पासून निघते आहे. एवढ्या वर्षांत तो सांगाडा कोणी कसा बांधला, साडी कशी नेसवली, चेहरा कोणाच्या हातचा, याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. मागच्या वर्षी मी वही-पेन्सिल घेऊन जाऊन बसले. तीन संध्याकाळी रेखाटनं केली, बांबूंच्या गाठींची मापं घेतली. तिथल्या एका पोराने विचारलं, "जळून जाणार आहे ना जी हे, मग काहाले काढून राहिल्या?"

त्याला मी सिबलींचं फाटक्या कव्हरचं पुस्तक दाखवायला नेलं. कड्यांच्या चिलखताच्या फोटोवर तो बराच वेळ थांबला. मग माझ्या वहीतली एक गाठ चुकली आहे म्हणाला आणि पेन्सिल मागून घेतली.