हंगामाची यादी: २७ आणि ७२ चा घोळ सुटला

देवरायांवरचं पुस्तक सापडलं! गेल्या नोंदीत मी ते आगामी मराठी पुस्तकांच्या यादीतून काढून ‘पुमु’त (म्हणजे पुनर्मुद्रणांत) टाकलं होतं आणि अनेकांनी विचारलं होतं की पुनर्मुद्रण कसं, पहिली आवृत्ती कुणी पाहिली तरी आहे का. कुणीच पाहिलेली नाही, कारण पुस्तक कोरं नवं आहे. दिवाळीनंतर येतंय. ललितेतरच्या यादीत ते पुन्हा वर घेतलंय.

घोळ आयएसबीएनचा, म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या तेरा आकडी ओळख क्रमांकाचा होता. प्रकाशनपूर्व सवलतीच्या पत्रकात शेवटून दुसरे-तिसरे आकडे ७२ च्या जागी २७ छापले गेले. २७ वर त्याच प्रकाशकाचा जुना पाककृतींचा संग्रह आहे. क्रमांक आधीच नोंदलेला दिसला की माझ्या यादीची शीट ‘पुमु’ म्हणते आणि आगामीतून पुस्तक काढते.

पण असल्या चुका पकडायला क्रमांकाच्या शेवटी तपासणीचा आकडा असतो, तो मग कशाला? मला छळलं ते यानेच. तेरा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की बहुतेक वेळा बेरीज बिघडते. २ आणि ७ चं करून पाहा: २×१ अधिक ७×३ म्हणजे २३, उलट केलं तर ७×१ अधिक २×३ म्हणजे १३. फरक बरोबर १०, म्हणजे भाग तसाच जातो! ०-५, १-६, २-७, ३-८, ४-९, पाचाचं अंतर असलेली कुठलीही जोडी अशीच निसटते. २००७ च्या आधीच्या दहा आकडी क्रमांकात ११ ने भाग जायचा, तिथे ही चूक पकडली जायची. माझ्या मते जुनी पद्धत सरस होती, शेवटी कधी दहाऐवजी ‘एक्स’ आला तरी.

नावं जुळवून पाहणं हा सरळ उपाय, पण ऱ्हस्व-दीर्घ, ‘भाग १’, उपशीर्षक यांनी मराठी नावं कधीच नीट जुळत नाहीत. म्हणून ‘जुळा’ नावाचा रकाना केला. प्रत्येक क्रमांकातल्या पाचाच्या अंतराच्या शेजारी जोड्या उलटवून जे क्रमांक होतात ते तो रकाना देतो. जुनं पुस्तक सापडलं, पण नाव आणि लेखक दोन्ही वेगळे, तर ओळ लाल. यादीतल्या जुन्या नोंदी त्यातून तपासल्या तेव्हा आणखी एक प्रवासवर्णन लाल झालं, तेही नवंच निघालं. फार आनंद झाला.

(एक्सेल वापरणाऱ्यांनी आयएसबीएनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ९.७८ची घातांकी शेपटी मिळते. आणि पत्रकाबद्दल शंका आली तर पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा. तिथल्या काउंटरवर सुधारित पत्रक आधी पोचतं. मला ७२ तिथेच दिसला.)

आता यादीचा डिसेंबरच्या पुणे पुस्तक महोत्सवापर्यंतचा भाग आधी पुरा करणार होतो. हे लिहिताना मात्र वेगळंच सुचलं. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. रियासतकार सरदेसाई १९५९ मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०२० ला मोकळं झालं. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०२७! त्यांच्या आत्मचरित्रपर पुस्तकांच्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या एकाच सुमारास येऊ शकतात. प्रत्येकीचा क्रमांक नवा, मजकूर जुना. ‘नवं की पुमु’ या दोन खणांत त्या बसणार नाहीत, तिसरा ‘मुक्त’ खण हवा.

त्यातही मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची ६० वर्षं त्या प्रकाशनापासून धरतात, म्हणून पहिल्या छपाईचं वर्ष लागेल. त्यासाठी शंकर गणेश दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीइतकं भरवशाचं काही नाही. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे दोन खंड, संगणकाशिवाय केलेले. तेव्हा महोत्सवाची यादी आठवडाभर थांबेल. आधी ग्रंथालयात जाऊन ‘मुक्त’ खणासाठी वर्षं उतरवून आणतो. १९५० नंतरच्या पहिल्या आवृत्त्या कुणाच्या कपाटात असतील तर मुद्रणपानाचा फोटो पाठवा.