अंगठा उमटत नाही त्या बाईपासून सुरुवात करा

"मला मानवी हक्कांत काम करायचंय" असं म्हणणाऱ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिलं ध्येय काय ठेवावं? आमचं उत्तर ठरलेलं आहे: वर्षभरात एका माणसाचा एक हक्क कागदावर लढवायला शिका. एलएलबी, एमएसडब्ल्यू, एमपीएससी पुढे आहेच. पण अर्ज नीट लिहिता आला नाही आणि तारखा सांभाळता आल्या नाहीत, तर पदवी हातात असूनही समोरच्या माणसाला काही देता येत नाही.

रेशनचंच घ्या. दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावावा लागतो. जन्मभर खुरपणी केलेल्या, भांडी घासलेल्या, विटा वाहिलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. ती पदराला अंगठा पुसते, पुन्हा लावते, मग दुसरं बोट लावून बघते. मशीन घेत नाही. "पुढच्या आठवड्यात या" असं ऐकून रिकामी पिशवी घडी घालून ती निघून जाते. अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब घरांच्या) कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य हा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. बोट जुळलं नाही एवढ्यावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या स्पष्ट सूचना आहेत. ही दया नाही, हे तिला कळणं हेच अर्धं काम.

अर्ज लिहायच्या आधी तिच्याकडे बसून चार गोष्टी वहीत घ्या: कार्ड कोणतं, त्यावर माणसं किती, कोणत्या महिन्याचं धान्य मिळालं नाही, दुकानदार नेमकं काय म्हणाला. कार्डाचा बारा अंकी आरसी नंबर घ्या आणि राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर टाकून बघा. त्या महिन्यात धान्य उचलल्याची नोंद दिसत असेल तर प्रकरण अंगठ्याचं नाही, चोरीचं असू शकतं, आणि तक्रारीचा मजकूरच बदलतो. शेवटी तिची परवानगी विचारा. तुम्ही शहरात परत जाल, तिला त्याच दुकानात जायचंय. ती घाबरत असेल तर तिचं नाव कुठेही येऊ देऊ नका.

ती तयार असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत तक्रार द्या, दोन प्रतींत. दुसरी प्रत तुमची. तिच्यावर आवक टेबलावरचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवून जा, साहेबांना देतो" यावर कागद कधीही सोडू नये. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. कारकून पोच देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि पोचल्याची नोंद छापून घ्या. तहसीलमध्ये दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. हक्काचं धान्य दिलंच नाही तर अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

नाव पुढे आणायचं नसेल तेव्हा माहितीचा अधिकार कामी येतो. २००५ च्या कायद्यात अर्जदाराला कारण विचारता येत नाही, म्हणून अर्ज तुमच्या नावाने टाका. महाराष्ट्रात नमुना 'जोडपत्र अ'. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण दाखला जोडावा लागतो. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत, हा आपल्या राज्याचा नियम. बहुतेक अर्ज इथेच फसतात. रेशन, रस्ता आणि अंगणवाडी एकाच कागदात कोंबली की अधिकारी फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो.

त्याहून मोठी चूक प्रश्नाच्या शब्दांत असते. "गरिबांना धान्य का मिळत नाही?" याला कायदेशीर उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. माहिती म्हणजे दफ्तरी असलेली नोंद. म्हणून नोंदच मागा: अमुक दुकानाचं मागच्या तीन महिन्यांचं नियतन (मंजूर झालेलं धान्य), प्रत्यक्ष पोचलेलं धान्य, अंगठा न जुळलेल्या व्यवहारांची महिनावार संख्या, पुरवठा निरीक्षकाच्या तपासणी अहवालाची प्रत, दुकानावर देखरेख करणाऱ्या दक्षता समितीच्या बैठकांचं इतिवृत्त. लाभार्थ्यांची नावं मागू नका. वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करून नकार येतो, आणि लोकांची नावं उघडी पाडणं आपलं कामही नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, त्यामुळे "आमच्याकडे नाही" हे उत्तर पुरेसं नाही. "माहिती विस्तृत आहे" असं उत्तर आलं तर कागद बघायला बोलवा असं लिहा, फाइल समोर बसून वाचा आणि हवी तेवढीच पानं मागा. प्रतीचे पानामागे २ रुपये पडतात.

एकतिसाव्या दिवशीही काही आलं नाही तर 'जोडपत्र ब' भरून, २० रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. त्यालाही ३० दिवसांचीच मुदत आहे, आणि परीक्षेच्या धांदलीत विद्यार्थ्यांची नेमकी हीच हुकते. सुनावणीला स्वतः जा. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येतं आणि माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५०, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण आयोगापुढे प्रकरणं फार साचली आहेत, म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर लावावा.

राज्य मानवी हक्क आयोगाचा दरवाजा वेगळा. तक्रारीला शुल्क नाही, मराठीत चालते. मात्र घटनेला एक वर्ष उलटून गेलं की आयोग चौकशी करू शकत नाही, आणि तक्रार लोकसेवकाने केलेल्या उल्लंघनाची किंवा त्याच्या हयगयीची असावी लागते. आयोग शिफारस करतो, हुकूम काढत नाही, हे तक्रारदाराला आधीच सांगा. खोटी आशा लावणं फार वाईट.

वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. तिथेच पॅरालीगल स्वयंसेवक (वकील नसूनही लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारा) म्हणून नाव नोंदवता येतं का, ते जरूर विचारा. कोर्टाच्या व्हरांड्यात काढलेले सहा महिने वर्गात मिळत नाहीत.

आणि एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांनो, हे सगळं तुमच्यासाठीही आहे. तहसील कार्यालयात माहिती अधिकारी बहुधा नायब तहसीलदार असतो आणि पहिलं अपील तहसीलदारापुढे जातं. उद्या त्या खुर्चीत तुम्ही बसाल. तेव्हा पुरवठा शाखेतून अंगठा न जुळलेल्या कार्डांची यादी दर महिन्याला स्वतःहून मागवा आणि त्या घरांना ओटीपीने किंवा नॉमिनीमार्फत (त्यांच्या वतीने धान्य घ्यायला नेमलेल्या माणसामार्फत) धान्य पोचलं का ते तपासा. त्यासाठी कुणा विद्यार्थ्याच्या अर्जाची वाट बघू नका.