तीन पत्रं आणि एक नंबर

नातवाची पलटण यंदा हिवाळ्यात वर पहाडात गेली. सूनबाईंनी त्याच्या पार्सलवर नुसतं नाव आणि '५६ एपीओ' (म्हणजे लष्कराचं टपालघर) एवढंच लिहिलेलं पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हे लिहायला बसलो.

डिसेंबर १९७१मध्ये आम्ही लडाखात होतो. ३ तारखेला युद्ध सुरू झालं, १७ला पश्चिमेकडचा गोळीबार थांबला. थंडी हळूहळू अंगवळणी पडली. बुखारीवर, म्हणजे बंकरातल्या शेगडीवर, बर्फ वितळवून चहा करायचो, ओले मोजे पोटाशी धरून वाळवायचो. पेनातली शाई गोठायची, म्हणून पत्रं पेन्सिलीनं. जागेचं नाव, हालचाल काही लिहायचं नाही असा हुकूम. त्यामुळे 'मी खुशाल आहे' यापुढे फारसं काही उरायचं नाही.

लेहच्या रस्त्यावरची जोजिला खिंड बर्फानं बंद. लेहला विमान उतरेल तेव्हाच टपाल. थैली आली की हवालदार नावं पुकारायचा आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे. नोव्हेंबर संपल्यापासून माझं नाव आलंच नाही. मंडळी बाळंतपणाला माहेरी गेलेली, दिवस भरत आलेले. युद्ध थांबलं, शेजारच्याला दोन-दोन पत्रं आली, मी रिकाम्या हातानं बंकरात परतायचो. कंपनी क्लार्कला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो मान वर न करता म्हणाला, "घरच्यांनी लिहिलंच नसेल."

ते वाक्य मला आजही सहन होत नाही. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण दर रविवारी ती शाळेतल्या गुरुजींच्या ओट्यावर जाऊन पत्र लिहून घ्यायची. एकदा नोंदवही उघडून बघितली असती तर त्याला कळलं असतं की पलटणीत माझ्या नावाचे आणखी दोघं आहेत.

जानेवारीच्या मध्याला त्यांतला एकजण चौकीवरून खाली उतरला आणि मला शोधत आला. बर्फात तो महिनाभर अडकला होता. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं तीन आंतरदेशीय पत्रं काढली. पहिल्यात आईनं बैलाचं दुखणं लिहिलं होतं. त्या जवानाचे वडील गिरणीत, घरी बैल कुठला? तेव्हाच त्याला कळलं, पत्र आपलं नाही. पुढची दोन त्यानं उघडलीसुद्धा नव्हती.

पत्त्यात माझा आर्मी नंबर नव्हता, कंपनीही नव्हती. ५६ एपीओ हे काही गाव नाही. एकाच पत्त्यावर कितीतरी पलटणींचं टपाल जातं. माणूस सापडतो तो नंबर, पलटण आणि कंपनी यांवरून. सूनबाईंना मी तिन्ही गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. आणि हो, प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात १, २, ३ असा क्रम घाला, म्हणजे कुठलं गहाळ झालं ते लगेच कळतं. हे मी जानेवारीनंतर सुरू केलं.

तिसऱ्या पत्रात मुलगी झाल्याचं होतं. मी ते वाचलं तेव्हा ती सव्वा महिन्याची झाली होती.